७१२०, पण कशाचे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भुईकाट्याच्या केबिनमध्ये एक संगणक असतो, शेजारी खडखड वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतो आणि खिडकीबाहेर बिलेट किंवा भंगार भरलेला ट्रक उभा असतो. ट्रक काट्यावर चढतो, आकडा हलायचा थांबतो, आतला माणूस बटण दाबतो आणि चिठ्ठी बाहेर येते. त्याच वेळी फाईलमध्ये एक ओळ वाढते. बरीच वर्षे मी ज्या फाईलवर काम केले, तिच्यातली ओळ अशी दिसायची :

०००४१७१५०३२६०००७१२०

एकोणीस आकडे, मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. संगणकापुरती ही फक्त आकड्यांची माळ. पहिले सहा आकडे चिठ्ठीचा नंबर, पुढचे सहा तारीख, शेवटचे सात वजन, असे कुणीतरी ठरवले तेव्हा तिला अर्थ आला. म्हणजे चिठ्ठी ४१७, तारीख १५ मार्च २०२६, वजन ७१२०.

आता तारखेकडे नीट पाहा. १५०३२६. मी ती दिवस-महिना-वर्ष अशी वाचली. एखाद्या प्रोग्रामने वर्ष-महिना-दिवस अशी वाचली तर ती २६ मार्च २०१५ होते, आणि तीही खरीखुरी तारीख असल्याने प्रोग्राम तक्रार करत नाही. वजनाचेही तसेच. काट्याच्या प्रोग्रामसाठी ते ७१२० किलो. बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने शेवटच्या दोन आकड्यांआधी टिंब आहे असे मानून क्विंटल वाचले, म्हणजे ७१.२० क्विंटल. तिसऱ्याने तीन आकड्यांआधी टिंब मानून टन वाचले, ७.१२० टन. तिघांचेही उत्तर बरोबर आले, कारण किलो, क्विंटल आणि टन यांच्यात फक्त टिंबाची जागा बदलते. असे वर्षानुवर्षे चालते आणि तिघांना वाटते की आपण एकच फाईल एकाच पद्धतीने वाचतोय. मग कुणी चौथा येतो, त्याला कुठेतरी ‘वजन, दोन दशांश’ एवढेच लिहिलेले सापडते आणि तो सात टनांच्या ट्रकमधून ७१ किलो २०० ग्रॅम माल उतरवतो.

एकच फाईल अनेक प्रोग्राम वापरतात तेव्हा तिची व्याख्या सगळ्यांकडे एकच असायला हवी, ही व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमधली जुनी गरज आहे. मी गेली पंचवीसेक वर्षे जालन्यातल्या दुकानांसाठी आणि कारखान्यांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहितो आहे. या काळात मी पाहिलेल्या मोठ्या गोंधळांपैकी बहुतेक इथूनच सुरू झाले. प्रोग्राम चुकीचा नव्हता, फाईलही बिघडलेली नव्हती. दोघांच्या मनात त्या रकान्याचा अर्थ वेगळा होता.

यातल्या काही चुका आरडाओरडा करतात. त्याच काट्यावर पुढे दुसरा काटा बसवला गेला. कोणत्या काट्यावरची चिठ्ठी ते कळावे म्हणून नव्या प्रोग्रामने ओळीच्या सुरुवातीला एक आकडा वाढवला, १ किंवा २. बिलाच्या प्रोग्रामला हे कुणी सांगितले नाही. तो आपला जुन्या जागा मोजत राहिला. सगळे एका घराने सरकले. चिठ्ठीचा नंबर झाला २०००४१, तारीख झाली ७१५०३२, म्हणजे महिन्याचा एकाहत्तरावा दिवस, आणि वजन झाले ६०,००७ क्विंटल. पहिल्याच बिलाला सगळे थांबले, दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. अशी चूक परवडते.

गप्प बसणारी चूक परवडत नाही. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाला मी प्रोग्राम लिहून दिला होता. काट्याच्या फाईलमध्ये ‘नेट’ नावाचा रकाना होता. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, तो काट्याचा नेट. मोंढ्यात मात्र नेट म्हणजे बारदाना वजा करून उरलेले धान्य. मला हा फरक माहीत होता, म्हणून माझा प्रोग्राम काट्याचा आकडा घ्यायचा आणि पोत्यांचे वजन कापून पट्टी करायचा. एका हंगामात काट्याचे सॉफ्टवेअर बदलले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पोत्यांची संख्या टाकायची सोय होती आणि ते स्वतःच बारदाना कापून ‘नेट’ लिहायचे. रकान्याचे नाव तेच, रुंदी तीच, जागा तीच. माझ्या प्रोग्रामने पुन्हा कापला. पोत्यामागे एक किलो धरला तर शंभर पोत्यांमागे एक क्विंटल सोयाबीन शेतकऱ्याच्या पट्टीतून गेले, आणि कुठलाही प्रोग्राम काही बोलला नाही.

बोलला तो भोकरदनकडचा एक शेतकरी. घरून निघताना त्याने पोती स्वतः तोलून कागदावर लिहून आणली होती. दुकानात माझ्यासमोर दोन्ही कागद ठेवून तो म्हणाला, “भाऊ, बारदाना एकदाच कापतात ना?” त्याने एका वाक्यात दाखवलेली चूक आम्हाला तीन आठवडे दिसली नव्हती. जुन्या पट्ट्या काढून फरक परत करायला त्याहून जास्त वेळ गेला. त्या दिवसापासून मी रकान्याचे नाव वाचून त्याचा अर्थ गृहीत धरणे सोडले.

ही अडचण संगणक व्यवहारात आला त्याच दिवसापासूनची आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी होती. पगारपत्रक एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचे तर सगळे पुन्हा लिहावे लागे. १९५९ च्या एप्रिलमध्ये मेरी हॉज या प्रोग्रामर बाईंच्या पुढाकाराने काही मंडळी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जमली. व्यवहारासाठी एकच सामाईक भाषा हवी, अशी त्यांची मागणी होती. मे महिन्यात पेंटागॉनमध्ये मोठी बैठक झाली आणि त्यातून कोबोल जन्मली. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. ग्रेस हॉपर यांनी आधी केलेल्या फ्लो-मॅटिक भाषेचा कोबोलवर मोठा प्रभाव होता. आकडेमोडीच्या आज्ञा आणि माहितीचे वर्णन वेगळे ठेवायचे, हा विचार तिथूनच आला.

कोबोलच्या प्रोग्रामचे चार विभाग असतात, त्यातला एक पूर्णच्या पूर्ण माहितीच्या वर्णनाला दिलेला. प्रत्येक रकान्याचे तिथे ‘पिक्चर’ म्हणजे चित्र काढायचे. वजनाचे चित्र ९(५)व्ही९९ असे लिहिले, तर त्याचा अर्थ पाच आकडे, मग मनातल्या मनात टिंब, मग दोन आकडे. ते टिंब फाईलमध्ये नसते. व्ही हे अक्षर ते कुठे आहे एवढेच सांगते. आपल्या ०००७१२० मध्ये हेच घडत होते.

कोबोलने यापुढे जाऊन आणखी एक सोय दिली आणि मला ती फार मोलाची वाटते. रेकॉर्डचे वर्णन एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवायचे आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये ‘कॉपी’ या एका शब्दाने ते ओढून घ्यायचे. या वर्णनाच्या फाईलला कॉपीबुक म्हणतात. पगाराचा प्रोग्राम, भविष्यनिर्वाह निधीचा प्रोग्राम, वर्षअखेरचा अहवाल, सगळे एकाच कॉपीबुकातून कर्मचाऱ्याचे रेकॉर्ड घेणार. कुणी हाताने पुन्हा टाईप करणार नाही. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पूर्वी माप एकच असायचे आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याच मापाने मोजून मिळायचे, तसे हे.

त्यातही एक फट राहतेच. कॉपीबुक प्रोग्राममध्ये येते ते प्रोग्राम तयार करताना, म्हणजे कंपाईल होताना. कॉपीबुकात एक रकाना वाढवला आणि चाळीसपैकी एकोणचाळीसच प्रोग्राम पुन्हा कंपाईल केले, तर चाळिसावा जुनेच वर्णन पोटात घेऊन चालत राहतो. कोणते प्रोग्राम कोणते कॉपीबुक वापरतात याची यादी ठेवणे म्हणूनच त्या काळात स्वतंत्र काम होते. वर्षाला दोनच आकडे देण्याची सवय २००० साल उजाडताना जगाला महागात पडली, तेव्हा जुन्या कार्यालयांत सगळ्यात आधी ही यादी शोधली गेली.

जालन्यासारख्या गावात संगणक दुकानांत आला तो डीबेस आणि फॉक्सप्रो घेऊन. माझी पिढी फॉक्सप्रोवरच वाढली. या प्रोग्रामांच्या डीबीएफ फाईलने वेगळीच वाट काढली होती. फाईलचे वर्णन फाईलच्याच डोक्यावर लिहिलेले असायचे. हेडरमध्ये प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाईट राखलेले, त्यात रकान्याचे नाव, तो अक्षरांचा की आकड्यांचा की तारखेचा हे सांगणारे एक अक्षर, रुंदी आणि दशांश. कुठल्याही प्रोग्रामने फाईल उघडली की आधी हे वाचायचे. ‘लिस्ट स्ट्रक्चर’ म्हटले की सगळे पडद्यावर. आमच्यासाठी ही फार मोठी सुटका होती. सरकण्याची चूक जवळजवळ संपली, कारण वजन तेरावे घर सोडून चौदाव्यात गेले तरी प्रोग्राम त्याला नावाने हाक मारत होता.

पण नाव दहाच अक्षरांचे असू शकायचे. म्हणून सगळे ‘डब्ल्यूटी’, ‘क्यूटीवाय’, ‘साईज’ असे तोकडे लिहायचे. सळईच्या एका गोदामात मी ‘साईज’ या रकान्यात १२ लिहिलेले पाहिले. टीएमटी बार सहसा १२ मीटर लांब असतो आणि १२ मिलिमीटर जाडीचाही असतो. सळईचे मीटरमागे वजन किलोत काढायला जाडीचा वर्ग करून १६२ ने भागतात. १२ मिमीची १२ मीटरची सळई साधारण १०.६७ किलो भरते, ८ मिमीची ४.७४ किलो. त्या रकान्यातला १२ लांबीचा आहे असे समजणाऱ्याने गोदामातल्या सगळ्या सळया एकाच जाडीच्या धरल्या, तर साठ्याचे वजन कुठल्या कुठे जाईल. हेडरने जागा, रुंदी आणि प्रकार सांगितला. एकक आणि अर्थ सांगायला त्यात जागाच नव्हती.

आता शेताकडे येतो, कारण एककाचा प्रश्न जालन्याच्या प्रत्येक घरात आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बोलताना आणि खरेदी-विक्रीत माणसे एकर-गुंठ्यात बोलतात. दोन्ही लिहिताना आपण मध्ये टिंब देतो. १.२० हेक्टर-आर म्हणजे एक हेक्टर वीस आर, आणि १०० आरांचा हेक्टर असल्याने ते खरोखरच १.२ हेक्टर आहे. पण २.२० एकर-गुंठे म्हणजे दोन एकर वीस गुंठे. एकरात गुंठे ४०. म्हणजे ते अडीच एकर झाले. संगणकाने हे टिंब दशांश समजले तर त्याच्या लेखी ते २.२ एकर, म्हणजे दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे गेले. बेरजेत तर आणखी गंमत होते. २.३० आणि १.२५ यांची बेरीज संगणक ३.५५ सांगतो. पंचावन्न गुंठे कुठल्याच शेतात नसतात. खरी बेरीज चार एकर पंधरा गुंठे. आणि कुणी घाईत दोन एकर पाच गुंठ्यांना २.०५ ऐवजी २.५ लिहिले तर वाचणारा त्याला अडीच एकर समजतो.

शाळेतल्या टिंबाची सवय लागलेल्या नव्या प्रोग्रामरला हे कळत नाही, त्यात त्याचा दोष नाही. एकर-गुंठ्यांतले टिंब दशांशचिन्ह नाहीच. ते दोन वेगळ्या रकान्यांमधली भिंत आहे. तो रकाना एक नसून दोन आहेत, असे व्याख्येत लिहिले की प्रश्न मिटतो : एकर एका घरात, गुंठे दुसऱ्या घरात, आणि गुंठ्यांच्या घरात ३९ च्या वर जाता येणार नाही.

महसूल खात्याने हे संगणकाच्या फार आधी ओळखले होते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. गाव नमुना १ ते २१ म्हणजे कागदावरच्या फाईलींची व्याख्याच. सहा नंबरला फेरफार, सातला मालकी, आठ-अला खातेदाराची एकूण जमीन, बाराला पीक. गाव बदलले, तलाठी बदलला तरी बाराव्या नमुन्याचा रकाना तोच राहतो. हिशेबाच्या या शिस्तीची नियमावली मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याने बांधली आणि आजही महसूलची जुनी माणसे ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून तिचे नाव घेतात. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि तिच्याखालचे अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम यांनी सातबाऱ्याचे आजचे रूप ठरवले.

आपला भाग मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. इथल्या जुन्या खासरा आणि पाहणी पत्रकांचे रकाने निराळे, बराचसा मजकूर उर्दूत आणि साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. १३५० फसली म्हणजे १९४० च्या आसपास. कुणी जुनी नोंद संगणकात घेताना ‘वर्ष’ या रकान्यात १३५० टाकले, तर चार आकडे बरोबर बसतात, प्रोग्राम मान डोलावतो आणि आजोबांची जमीन थेट बहमनी राजवटीच्या सुरुवातीच्या काळात जाऊन पडते. आजही ‘वर्ष’ म्हटल्यावर विचारावे लागते : १ ऑगस्ट ते ३१ जुलै हे महसुली, की एप्रिल ते मार्च हे आर्थिक? बियाण्याच्या पिशवीवरच्या ‘तारीख’ या शब्दाचेही असेच आहे. जालना बियाण्यांचे गाव, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथे उभी केली. पिशवीच्या लेबलवर बियाणे तपासल्याची तारीख असते आणि कधीपर्यंत ग्राह्य तीही असते. गोदामाच्या फाईलीत नुसता ‘तारीख’ हा रकाना ठेवला तर जुने बियाणे आधी विकायचे की नवे, हे ठरवणारा माणूस अंधारात राहतो.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला गेला तेव्हा दोन गोष्टी झाल्या, ज्या वरवर किरकोळ दिसतात. शेतीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आणि बिगरशेतीचे आर, चौरस मीटरमध्ये असे एकक स्पष्ट छापले जाऊ लागले. आणि गावाच्या नावासोबत गावाचा कोड आला.

हा कोड का लागतो ते आपल्याच जिल्ह्यात दिसते. आपल्या एका तालुक्याचे नाव सरकारी कागदावर घनसावंगी असते, बोलताना आणि छापताना पुष्कळदा घनसांगवी होते. दोन्ही नावांत आठच चिन्हे आहेत, म्हणून रुंदी मोजून चूक सापडत नाही. नावाने दोन फाईली जोडणाऱ्या प्रोग्रामला मात्र ते दोन तालुके वाटतात. त्यात अक्षरांची भानगड वेगळी. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीच्या एका चिन्हाला एक बाईट लागायचा, घनसावंगीला आठ. युनिकोडच्या सध्याच्या प्रचलित पद्धतीत एका चिन्हाला तीन, म्हणजे चोवीस. जुन्या वीस बाईटच्या रकान्यात हे नाव भरले तर ‘घनसावं’ एवढेच बसते आणि पुढचे अक्षर अर्धे तुटते. शेतकऱ्यांच्या याद्यांत तुटलेली नावे दिसतात त्यांतली काही अशी आलेली असतात. पूर्वी प्रत्येक मराठी फाँट आपापले आकडे वापरायचा, तेव्हाच्या फाईली तर तो फाँट सापडल्याशिवाय वाचताच येत नाहीत.

कोड दिला म्हणून सगळे सुटते असे नाही, तो कुणाचा कोड हे लिहावे लागते. जालना जिल्हा २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा १८ नंबर होता, २०११ मध्ये देशपातळीवर ५१४ झाला आणि गाड्यांवर तो एमएच २१ आहे. तिन्ही बरोबर. ‘जिल्हा कोड’ एवढेच नाव असलेल्या रकान्यात १८ आणि २१ एकत्र मिसळले की ते वेगळे करणे फार कठीण जाते.

शिवाय जिल्हा स्वतःच बदलतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आला आणि परतूर परभणीतून. १९७५ च्या खरेदीखतावर ‘ता. अंबड, जि. औरंगाबाद’ लिहिलेले असते आणि त्या दिवशीपुरते ते खरे आहे. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. एखाद्याने सगळ्या फाईलींत जुने नाव शोधून तिथे नवे टाकायची आज्ञा दिली, तर अंबडचा तो दस्त अशा जिल्ह्यात जातो जिथे अंबड त्या नावाखाली एक दिवसही नव्हते. म्हणून ‘जिल्हा’ या रकान्याच्या व्याख्येत ‘दस्ताच्या तारखेला असलेला’ की ‘आज असलेला’, हे शब्द लागतातच. गरज असेल तर दोन रकाने ठेवावेत.

व्याख्या लिहिली आणि कुणी पाळली नाही, तर काय होते याचे उदाहरण मंगळाच्या वाटेवर आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला रेटा एका प्रोग्रामने फाईलमध्ये पौंडाच्या मापात लिहिला, ती फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामने तो न्यूटनच्या मापात वाचला. फरक साधारण ४.४५ पटींचा. मेट्रिक एकक वापरायचे असे कागदोपत्री ठरलेले होते. पण ती फाईल त्या ठरलेल्या गोष्टीशी ताडून कुणी पाहिली नाही. हे वाचले तेव्हा मला तो भोकरदनचा शेतकरी आठवला, कारण घरून तोलून आणलेला दुसरा आकडा त्याच्याकडे होता.

आपल्याकडे एकच व्याख्या सगळ्यांवर बंधनकारक होण्याचा मोठा प्रसंग जीएसटीच्या ई-इनव्हॉईसने आणला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना आणि टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली बिले एका ठरावीक साच्यात सरकारी पोर्टलवर पाठवावी लागतात. जालन्यातल्या कित्येक रोलिंग मिल आणि सळईचे व्यापारी या मर्यादेत आले. त्यांचे सॉफ्टवेअर कुणाचेही असो, बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत, तारीख दिवस/महिना/चार आकडी वर्ष अशी, जीएसटी नंबर १५ अक्षरी आणि महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. साच्यात न बसणारे बिल पोर्टल परत पाठवते, बसले तर ६४ अक्षरांचा क्रमांक देते. माल कशात मोजला तेही ठरलेल्या तीन अक्षरी कोडने सांगायचे : किलोला केजीएस, क्विंटलला क्यूटीएल, मेट्रिक टनाला एमटीएस.

पहिले काही महिने आमचे फोन अखंड वाजत होते. पण त्या महिन्यांत मी व्यापाऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना विचारताना ऐकले, “तुझ्याकडे क्वांटिटी टनात जाते का किलोत?” वीस वर्षे आम्ही प्रोग्रामर लोक हाच प्रश्न विचारत होतो. यात माहिती नावासकट जाते, ‘क्वांटिटी’च्या शेजारीच ‘युनिट’ लिहिलेले असते, म्हणून ७१२० एकटा प्रवास करत नाही. तरी पोर्टल फक्त साचा पाहते. सात टन माल असताना एककात केजीएस आणि संख्येत ७.१२ लिहिले तर साचा पूर्ण भरलेला असतो.

बदल कसा करायचा, याबद्दल अनुभवातून हाताशी आलेल्या दोन-तीन सवयी सांगतो. जुन्या रकान्याचा अर्थ बदलायचा नाही. नवा अर्थ हवा असेल तर नवा रकाना काढायचा, शेवटी जोडायचा, आणि जुना काही काळ तसाच चालू ठेवायचा. काट्याच्या त्या सॉफ्टवेअरने ‘नेट’ला हात न लावता ‘बारदाना वजा नेट’ असा वेगळा रकाना दिला असता तर माझा प्रोग्राम जुनाच वाचत राहिला असता. काढून टाकलेल्या रकान्याचे नाव किंवा नंबर पुन्हा दुसऱ्या कामाला द्यायचा नाही, गूगलच्या प्रोटोकॉल बफर या पद्धतीत तर हा नियमच आहे. आणि व्याख्या कुणाच्या ताब्यात आहे ते एका माणसाच्या नावावर असावे. सगळ्यांची असली की कुणीच विचारत नाही.

आणखी एक. ‘नेट’ म्हणजे काय हे प्रोग्रामरला ठाऊक नसते, ते काट्यावर बसणाऱ्याला आणि मुनीमजींना ठाऊक असते. गुंठे किती, फसली म्हणजे काय, हे तलाठ्याला ठाऊक असते. त्यामुळे व्याख्या लिहायची जागा संगणकासमोर नाही, काट्याच्या केबिनमध्ये आहे. मी आता कुठलेही नवे काम घेतले की पहिले दोन दिवस लाल कापडी पुठ्ठ्याची जाडी चोपडी घेऊन तिथे बसतो. एका पानावर एक रकाना.

त्या आडत दुकानाच्या चोपडीतले पान अजून माझ्याकडे आहे. वर मोठ्या अक्षरात ‘नेट’. खाली ओळीने : किलोमध्ये, पूर्ण आकडा, टिंब नाही. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. बारदाना यातून वजा झालेला नाही. बारदाना फक्त पट्टीचा प्रोग्राम कापेल. लिहिणारा प्रोग्राम काट्याचा, वाचणारे दोन, पट्टी आणि साठा. आणि सगळ्यात खाली, जो काट्यावर बसायचा त्याला वाचून दाखवून घेतलेली त्याची सही आणि तारीख, चार आकडी वर्षासकट.